पॉलिशखाली काय आहे, ते विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कोल्हापुरात गेल्या काही वर्षांत जुन्या मालापासून हाताने घडवलेले फर्निचर बरेच दिसू लागले आहे. वाड्याच्या दाराचे जेवणाचे टेबल, माल वाहायच्या लाकडी पॅलेटचा सोफा, टायरची बैठक, उद्यमनगरातल्या कारखान्यांतल्या गिअरचा दिवा. या कामात असलेल्या आम्हा सगळ्यांना त्याचा आनंद आहे. पण आवडीबरोबर तक्रारीही वाढल्या आहेत. टेबल उन्हाळ्यात मधोमध चिरले, कपाटाखाली रोज भुसा पडतो, पावसाळ्यात पॉलिश पांढरे पडले. मग लोक म्हणतात, जुन्या मालाचे असेच व्हायचे. तसे नाही. पेठेतल्या वाड्यांत पिढ्यान् पिढ्या छप्पर पेललेली सागवानी तुळई टेबलाचा पाय म्हणून आणखी दोन पिढ्या सहज काढेल. बिघाड होतो तो जोडणीच्या आधीचे काम वगळल्यामुळे, आणि ते काम पॉलिशखाली झाकले जात असल्यामुळे गिऱ्हाइकाला दिसत नाही. म्हणून ते इथे तपशिलाने मांडत आहोत.

या शहरातला सर्वांत मोलाचा जुना माल म्हणजे वाड्यांचे लाकूड. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, शुक्रवार पेठ या भागांत जुने घर उतरवले की तुळया, खांब, हस्त (तुळईखालचे आधाराचे लाकूड), कडीपाट (कड्या आणि फळ्यांचे लाकडी छत), चौकटी आणि उंबरे निघतात. खांब-तुळयांचा साग बहुतेक गाभ्याचा, दाट रेषांचा असतो. आजच्या कमी वयात तोडलेल्या लागवडीच्या सागात तसा माल शोधावा लागतो. घर हाताने उतरवले तर जवळपास सगळे लाकूड कामाला येते. पोकलेन लावला की कडीपाटाच्या लांब फळ्या मधेच मोडतात, खांबांना उभ्या चिरा जातात, खिळे वाकून आत गाडले जातात आणि हा माल विटा-मातीबरोबर डंपरमध्ये जातो. उरलेला बेकरीच्या भट्टीत नाहीतर बंबात.

लाकूड हाती आल्यावर पहिले काम खिळ्यांचे. जुन्या घरांतले हाताने घडवलेले चौकोनी खिळे गंजाने लाकडाला घट्ट धरून बसलेले असतात. सरळ उपटायला गेले की डोके तुटून येते आणि दांडा आत राहतो. त्याऐवजी खिळा आधी अर्धा सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) आत ठोकावा, गंजाची पकड सुटते, मग पकडीने सरळ ओढावा. तुटलेला असेल तर मागून पंच लावून बाहेर काढावा. शेवटी ताकदीचे चुंबक फळीच्या चारही अंगांवरून फिरवावे. एक खिळा राहिला तर रंध्याच्या मशीनचे पाते जाते. गोल करवतीखाली आला तर फळी उसळून अंगावर येते. खिळ्याभोवतीचा काळा डाग नको असेल तर एक लिटर गरम पाण्यात ५० ते १०० ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड विरघळवून लावावे आणि नंतर दोनदा स्वच्छ पाण्याने पुसावे. हे विषारी आहे, हातमोजे हवेतच. आमचे मत विचाराल तर तो डाग ठेवावा. जुन्या लाकडाची खरी शोभा अशा खुणांतच आहे.

रंगाच्या बाबतीत मात्र अशी हौस नको. जुन्या दारांवर ऑइलपेंटचे पाच-सहा थर असतात आणि हल्ली ते सोलपटलेल्या अवस्थेत तसेच ठेवून 'जुना लूक' म्हणून विकले जातात. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भागांच्या) आत ठेवण्याचा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या, विशेषतः पिवळ्या, लाल आणि हिरव्या रंगांत शिसे असू शकते असे धरूनच चालावे. असा रंग कोरडा घासू नये, कारण ती धूळ श्वासातून शरीरात जाते. गॅसच्या ज्योतीने जाळू नये, धूर त्याहून घातक. पाण्याने ओला करून पत्रीने खरवडावा, खपल्या पिशवीत बांधाव्यात, जागा ओल्या फडक्याने पुसावी. ज्या घरात रांगणारे मूल आहे तिथे सोलपटलेल्या रंगाची वस्तू अजिबात नको, वरून कितीही लॅकर मारले तरी.

मग वाळवण. भिंतीत गाडलेले, कौलांखाली भिजलेले लाकूड बाहेरून खडखडीत दिसते आणि आत ओले असते. मापापेक्षा थोडे मोठे कापून, दर दीड-दोन फुटांवर इंचभर जाडीच्या पट्ट्या घालून, सावलीत वारा खेळेल असे रचावे. फळ्यांच्या टोकांना मेण किंवा उरलेला रंग फासावा, नाहीतर टोके आधी वाळून चिरतात. इंचभर जाडीच्या फळीला उन्हाळ्यात तीन-चार आठवडे लागतात, कोल्हापूरच्या पावसाळ्यात त्याच्या दुप्पट धरा. मॉइश्चर मीटरवर १२ टक्क्यांच्या आत आकडा आला की जोडणीला हरकत नाही. मीटर नसेल तर एक फळी खूण करून दर आठवड्याला वजन करावी. वजन उतरायचे थांबले की वाळली. साधा उपाय आहे, पण घाईत हाच वगळला जातो.

भुसा पडतो त्याचे कारण बहुतेक वेळा फळीच्या कडेचा पांढरा भाग. गाभ्याच्या सागाला किडा सहसा लागत नाही, पांढऱ्याला लागतो. शक्य तिथे पांढरा कापून टाकावा. ठेवायचाच असेल तर दहा लिटर कोमट पाण्यात २४० ग्रॅम बोरिक ॲसिड आणि ३६० ग्रॅम टाकणखार विरघळवून ब्रशने दोन हात द्यावेत. पातळ फळ्या रात्रभर बुडवून ठेवल्या तर आणखी चांगले. मग पुन्हा आठवडाभर वाळवावे. हे द्रव्य पाण्याने धुऊन निघते, म्हणून अंगणातल्या बाकाला त्याचा उपयोग नाही. किडा मेला की नाही हे पाहायला भोके मेणाने बुजवून खाली काळा कागद पसरून ठेवावा. पंधरा दिवसांत कागदावर पिठासारखा भुसा दिसला तर किडा जिवंत आहे आणि ती फळी अजून घरात जायला तयार नाही. घरातल्या वस्तूला वाळवीचे शेतीचे औषध फासणारे लोक आहेत. ते करू नये.

एवढे करून दहा घनफूट जुन्या लाकडातून सहा-सात घनफूट कामाचे निघते. 'जुने लाकूड, मग इतके महाग कसे?' या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. मालाची किंमत कमी असते, मजुरीची नसते.

आता टेबल मधोमध का चिरते ते. कडीपाटाच्या फळ्या जोडून तीन फूट रुंदीचा माथा केला आणि उद्यमनगरातून लोखंडी सांगाडा वेल्ड करून आणला, हे आजचे सर्वांत लोकप्रिय काम. लाकूड पावसाळ्यात रुंदीकडून फुगते आणि मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत आकसते. तीन फुटांच्या सागवानी माथ्यात हा फरक अर्ध्या सेंटिमीटरपासून पाऊण सेंटिमीटरपर्यंत जाऊ शकतो. लोखंड तसे हलत नाही. माथा सांगाड्याला चारही बाजूंनी स्क्रूने आवळला असेल तर आकसणाऱ्या लाकडाला जागाच नसते, मग ते सर्वांत अशक्त जोडावर फाटते. उपाय फुकटातला आहे. सांगाड्याच्या आडव्या पट्टीत मधले भोक गोल ठेवावे आणि कडेची भोके रुंदीच्या दिशेने लांबट करावीत: ६ मिलिमीटरच्या बोल्टसाठी ६ बाय १४ ची खाच, खाली रुंद वायसर, बोल्ट बेताचा आवळलेला. वेल्डरला हे आधीच कागदावर काढून द्यावे लागते, नंतर करता येत नाही. टेबल विकत घेणाऱ्याने खाली वाकून ही भोके पाहावीत. गोल भोके आणि घट्ट स्क्रू दिसले तर विचारावे.

दाराचे टेबल करताना वजनाचा हिशेब आधी करायला हवा. सहा फूट बाय तीन फूट, दीड इंच जाडीचे सागवानी दार ४० किलोच्या आसपास भरते. दाराच्या दिलह्यांच्या (चौकटीत बसवलेल्या फळ्यांच्या) खोबणींत अन्न अडकते म्हणून वर काच टाकतात. ८ मिलिमीटरची काच या मापात ३० किलोच्या वर जाते. म्हणजे ७० किलोचा माथा चार पायांवर. नुसत्या पायांवर तो डुलतो आणि सांधे सैल होतात. जमिनीपासून सहा-आठ इंचांवर आडव्या पट्ट्या घालून पाय एकमेकांना बांधले पाहिजेत आणि लाकडी पाय असतील तर खाच-सांधा हवा, नुसता स्क्रू आणि फेविकॉल चालणार नाही. काच साधी घेऊ नये, टफन्ड घ्यावी. आणि दारावरची कोरीव गणेशपट्टी हाती आली तर ती टेबलासाठी कापू नये, ही आमची सर्व सुतारांना कळकळीची विनंती. ती अखंड भिंतीवर लावावी.

वाड्यांइतकाच चांगला, पण दुर्लक्षित माल म्हणजे फौंड्रीतले (ओतकामाच्या कारखान्यातले) जुने पॅटर्न, म्हणजे रेतीत ठसा उमटवायचे लाकडी नमुने. कोल्हापूर हे ओतकामाचे शहर. शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर इथल्या कारखान्यांत पंपाच्या आवरणाचे, चाकांचे, गिअरबॉक्सचे हे नमुने मापे बदलल्यावर पडून राहतात. पॅटर्नला माप धरून राहणे भाग असते, म्हणून त्याचे लाकूड निवडक आणि चांगले वाळलेले असते. त्यापासून घड्याळे, दिव्यांचे बैठे स्टँड, आरशांच्या चौकटी, छोट्या चहाच्या टेबलांचे माथे फार देखणे होतात. दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. रेतीतून सुटून यावा म्हणून पॅटर्नच्या उभ्या बाजूंना किंचित उतार दिलेला असतो, त्यामुळे कुठेही काटकोन मिळत नाही. गुण्या (काटकोन तपासायचे साधन) लावून सरळ सांधा करायला गेले की एका बाजूला फट पडते. उतार मोजून तेवढी पाचर घालावी किंवा त्या बाजूवर आधी रंधा मारावा. दुसरे, पॅटर्न बऱ्याचदा फौंड्रीचा नसतो, काम देणाऱ्या कंपनीचा असतो. भंगारात आलेला पॅटर्न घेताना तो काढून टाकायची परवानगी झाली आहे ना, हे विचारून घ्यावे.

इचलकरंजीचे साधे यंत्रमाग मोडीत निघतात तेव्हा त्यातले लोखंड किलोवर जाते आणि धोटे (आडवा धागा नेणारे लाकडी तुकडे), लाकडी बॉबिन जळणात. धोट्याचे लाकूड कठीण आणि वापराने गुळगुळीत झालेले, टोकांना धातूची टोपी. कपाटाच्या मुठी, कपडे अडकवायच्या खुंट्या, दिव्याचे दांडे यांसाठी याहून सुंदर वस्तू सापडणार नाही. मात्र ते मशीनच्या तेलाने मुरलेले असतात. टर्पेंटाइनने दोन-तीनदा पुसून, भुशात आठवडाभर पुरून ठेवल्यावर तेल बरेच ओढले जाते. त्याआधी पॉलिश मारले तर ते धरत नाही, चिकट राहते.

चपलांच्या कारखान्यांतून निघणाऱ्या कातड्याच्या तुकड्यांचाही असाच उपयोग आहे. वादी (कातड्याची पट्टी) ओली करून खुर्चीची बैठक विणली तर वाळताना ती आवळते आणि बैठक ताठ होते. बाभळीच्या सालीत कमावलेल्या कातड्याला लोखंडी चुका मारू नयेत. सालीतला तुरट अंश आणि लोखंड मिळून काळा डाग पडतो आणि तो जात नाही. पितळी चुका वापराव्यात. पावसाच्या आधी तेलाचा हलका हात द्यावा, नाहीतर बुरशी येते.

लोखंडाच्या कामात सर्वाधिक फसवणूक बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) भागांत होते. जुन्या शिलाई मशीनचे पाय, लेथचे पाय, फ्लायव्हील हे सगळे बीड. त्याला साध्या रॉडने लोखंडी पट्टी वेल्ड केली की त्या दिवशी जोड पक्का वाटतो. बीड ठिसूळ असते, वेल्डच्या उष्णतेने जोडाशेजारचा पट्टा आणखी कडक होतो आणि थंड होताना केसासारखी भेग जाते. पुढे कोणी टेबलावर भार टाकला की तिथून तुकडा निघतो. वेल्ड करायचेच तर निकेलचा रॉड, एका वेळी इंचभर, प्रत्येक इंचानंतर हलकी ठोकाठोक, आणि शेवटी कोरड्या रेतीत झाकून सावकाश थंड करणे. आमचा आग्रह वेल्डचा नाहीच. भोक पाडून बोल्ट लावावा. तो खुला दिसतो, शोभतो आणि पुढे सोडवता येतो. जस्ताचा मुलामा असलेला पाइप वेल्ड करण्यापूर्वी मुलामा घासून काढावा, त्याच्या धुराने ताप भरतो. तेलाचा किंवा रसायनाचा २०० लिटरचा पिंप आतून धुऊन, पाणी भरल्याशिवाय कापूच नये. रिकाम्या पिंपात राहिलेली वाफ ठिणगीने फुटते.

पॅलेटविषयी थोडक्यात. आयात-निर्यातीच्या पॅलेटवर शिक्का असतो. 'एचटी' म्हणजे गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे तापवलेले, ते घ्यावे. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइडच्या धुरीचे, ते घरात नको. शिक्का नसलेले देशी पॅलेट आंबा, बाभूळ, निलगिरी अशा कशाचेही असते आणि कारखान्यात तेल प्यालेले असले तर तो वास खोलीतून जात नाही. टायरची बैठक करायची तर १३ इंची रिमचा टायर, वर-खाली १२ मिलिमीटर प्लायच्या चकत्या आणि १० मिलिमीटर जाडीची काथ्याची दोरी ५५ ते ६० मीटर लागते. त्याहून कमी दोरीत काम भागवले की खालची कड उघडी राहते. रबर ६० नंबरच्या सँडपेपरने खरखरीत केल्याशिवाय चिकटवायचे सोल्यूशन धरत नाही. तळाला भोके पाडावीत, नाहीतर आत पाणी साठून डास होतात. खाली गुट्ट्या लावाव्यात, कारण रबराचे काळे डाग फरशीवर कायमचे उमटतात.

पॉलिशसाठी चपडा (लाख) वापरत असाल तर एक लिटर स्पिरिटला २०० ते २५० ग्रॅम पुरे. हवेत ओल असताना स्पिरिट उडते तशी पृष्ठभागावर दमट हवा बसते आणि थर पांढरट होतो. पावसाळ्यात हे काम दुपारच्या कोरड्या वेळेत करावे, भर पावसात थांबावे. जेवणाच्या टेबलाला चपडा नको, गरम भांड्याचा ठसा उठतो. अळशीचे तेल दिलेत तर पुसलेले फडके चुरगाळून टोपलीत टाकू नका. ते आपोआप तापून पेट घेते. दोरीवर पसरून वाळवावे किंवा पाण्यात बुडवावे.

आता महापालिकेकडे आणि जिल्हा प्रशासनाकडे मागणी. बांधकाम व पाडकाम कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी दिवसाला २० टन किंवा एका प्रकल्पातून महिन्याला ३०० टनांवर कचरा करणाऱ्यांना लाकूड, लोखंड, काँक्रीट, विटा वेगळ्या करण्याचे बंधन घातले. पेठेतले एखादे छोटे घर त्यात सहसा बसत नव्हते आणि चांगले लाकूड तर तिथेच असते. पाडकामाची परवानगी देताना छत, चौकटी आणि तुळया यंत्र लावण्यापूर्वी हाताने उतरवण्याची अट महापालिकेला घालता येईल. उतरवलेला माल ठेवायला एक पत्र्याची शेड आणि वजनकाटा एवढे पुरेल, सुतार तिथून घेऊन जातील.

महापुराचेही तसेच. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ओसरल्यावर रस्त्यांवर फर्निचरचे ढीग लागले. त्यात फुगलेले पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ होते, ते खरोखरच टाकायचे होते. पण त्याच ढिगांत अस्सल सागाचे पलंग, कपाटे आणि पाटही होते. भरीव लाकूड गाळ धुऊन, सुटे करून, सावलीत सावकाश वाळवले तर पुन्हा उभे राहते. उन्हात टाकले की वाकते. कचरा उचलणाऱ्या पथकांना बोर्ड आणि भरीव लाकूड यांतला फरक दाखवायला अर्धा तास लागतो. कापलेली कड पाहिली की भुशाचा दाबलेला थर लगेच कळतो. पंचगंगा इशारा पातळी गाठण्याची वाट न पाहता हे प्रशिक्षण मे महिन्यात व्हावे आणि भरीव लाकडासाठी उंचावरची एक जागा आधीच ठरवावी. या कामासाठी लागणारे कारागीर शहरात आहेत आणि ते यायला तयार आहेत.

आमच्याच व्यवसायातल्या मंडळींना एक सूचना. प्रत्येक वस्तूच्या खालच्या बाजूला एक छोटे कार्ड चिकटवावे: लाकूड कोणते आणि कुठल्या प्रकारच्या इमारतीतून किंवा कारखान्यातून आले, किती टक्के ओलाव्यावर जोडले, किड्यासाठी काय लावले, जुना रंग काढला की ठेवला, पॉलिश कोणते. गिऱ्हाइकांनी ते कार्ड मागावे, आणि नसेल तर वस्तू घेण्याआधी हेच प्रश्न तोंडी विचारावेत.

आपले,
जुन्या लाकडाचे व लोखंडाचे फर्निचर घडवणारे काही कारागीर,
कोल्हापूर